साठ हजारांतला गेमिंग पीसी: आधी ते कोटेशन नीट वाचूया

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि सोबतचा कोटेशनचा फोटोही मोठा करून पाहिला. मुलाची बारावी संपली, आता इंजिनिअरिंग. अभ्यासालाही चालेल आणि गेमही खेळता येतील असा कॉम्प्युटर हवाय, मॉनिटरसकट साठ हजारांच्या वर जायचं नाही. तो खेळतो व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह. दुकानदाराने "आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, ५०० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट" असं सगळं ४२ हजारांत बसवून दिलंय. पैसे वाचतायत, तर घेऊन टाकू का, असं तुम्ही विचारलंय.

घेऊ नका. आगाऊ रक्कम दिली असेल तर ती परत मागा, नाही मिळाली तरी पुढचे पैसे देऊ नका. मी नाशिकमध्ये एकोणीस वर्षं कॉम्प्युटर जोडतोय आणि दुरुस्त करतोय, आणि हे असं कोटेशन दर महिन्याला एक तरी माझ्या टेबलावर येतं. बहुतेक वेळा वस्तू घरी आल्यानंतर. तुम्ही आधी विचारलंत, याचं मला खरंच बरं वाटलं.

त्या कागदावर "आय-सेव्हन" ठळक आहे, पण त्याच ओळीत बारीक अक्षरात ३७७० लिहिलंय. सगळी गोम तिथेच आहे. आय-सेव्हन हे घराण्याचं नाव आहे, पिढी कळते ती पुढच्या आकड्यावरून. ३७७० म्हणजे तिसरी पिढी, २०१२ सालचा प्रोसेसर. ऑफिसांतून निघालेल्या जुन्या मशिनींमधले हे प्रोसेसर काढून नव्या कोऱ्या चायना बोर्डावर (मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्याच्यावर बसतात ती पाटी) बसवतात, जुन्या पिढीची डीडीआर३ रॅम लावतात, आणि खोका नवा असल्यामुळे गिऱ्हाइकाला सगळंच नवं वाटतं. बाराव्या पिढीचा साधा आय-थ्री १२१००एफ गेममध्ये त्याला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे या प्रोसेसरवर चालत नाही. खटपट करून चढवता येतं, पण व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बोर्डातल्या दोन्ही सुरक्षा सोयी लागतात, आणि टीपीएम २.० या बोर्डावर नसतंच. म्हणजे मुलाचा आवडता गेम पहिल्याच दिवशी एक एरर दाखवून बंद पडणार.

"४ जीबी ग्राफिक्स" हीसुद्धा तशीच गत. खाली जीटी ७३० लिहिलंय. हे २०१४ चं कार्ड. त्यावर चार जीबी मेमरी लावली म्हणून ते वेगवान होत नाही. त्याच्या ६४ बिटवाल्या डीडीआर३ प्रकारात मेमरीतून सेकंदाला साधारण १४ जीबी माल ये-जा करतो; आरएक्स ६६०० या कार्डात हाच आकडा २२४ आहे. मोठी टाकी आणि तिला करंगळीएवढा नळ, असा हा प्रकार. ग्राफिक्स कार्ड विकताना कोणी जीबी आधी सांगत असेल, तर आधी कार्डाचं पूर्ण नाव लिहून मागा.

आता काय घ्यायचं ते बघू. बरेच जण प्रोसेसरपासून सुरुवात करतात. मी गिऱ्हाइकाला आधी विचारतो, खेळणार काय आणि बघणार कशावर? व्हॅलोरंट हलका गेम आहे, त्याचा भार कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त पडतो, आणि तो १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर खेळला तर निशाणा धरताना फरक हाताला कळतो. जीटीए फाइव्ह जुना झालाय, मध्यम कार्डावर छान चालतो. पण मुलगा याच दोन गेमवर थांबणार नाही, हे मी तुम्हाला लिहून देतो. वर्षभरात तो काहीतरी मोठं उतरवणार. म्हणून २४ इंची, फुल एचडी, आयपीएस (बाजूने पाहिलं तरी रंग नीट दिसणारा), किमान १०० आणि जमलं तर १४४ हर्ट्झचा मॉनिटर धरा. टूके, फोरके या बजेटमध्ये विसरा. पडद्यावरचे ठिपके वाढले की कार्डावरचं ओझं वाढतं, आणि तेवढं कार्ड घ्यायला आपल्याकडे पैसे नाहीत.

फुल एचडी ठरलं की कार्ड ठरतं. साठातले वीस-एकवीस हजार एकट्या कार्डाला ठेवा. त्या टप्प्यात आरएक्स ६६०० हे मी सगळ्यात जास्त बसवलेलं कार्ड: ८ जीबी मेमरी, १३२ वॅट वीज, उन्हाळ्यातही फार तापत नाही. आरटीएक्स ४०६० त्यातल्याच भावात हाती लागलं तर बिनदिक्कत घ्या, ते ११५ वॅटमध्ये जास्त काम करतं. आरटीएक्स ३०५० बाबत मात्र सावध राहा, कारण एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डं विकली जातात. एक ८ जीबीचं, दुसरं ६ जीबीचं. दुसऱ्यात फक्त मेमरी कमी नाही, आतले कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भागही कमी आहेत. ते ७० वॅटवर, वेगळी पॉवर केबल न लावता चालतं, त्यामुळे जुन्या ऑफिस मशिनीत टाकायला उत्तम. नव्या पीसीसाठी नको. आणि आरएक्स ६५०० एक्सटी कोणी स्वस्तात दाखवलं तर नाही म्हणा: मेमरी चारच जीबी, आणि बोर्डाशी बोलायला फक्त चार लेन (रस्ते), त्यामुळे पीसीआयई ३ च्या, म्हणजे कार्डाच्या खाचेची जुनी पिढी असलेल्या बोर्डावर त्याचा दम निघून जातो.

प्रोसेसरला एवढा विचार लागत नाही. रायझन ५ ५६०० किंवा इंटेल आय-फाइव्ह १२४००एफ, जो त्या दिवशी स्वस्त पडेल तो. दोन्ही सहा कोअर, बारा थ्रेड. पैसे ताणले गेले तर आय-थ्री १२१००एफ वर उतरा, चार कोअरचा आहे पण या कार्डाला पुरतो. नावात "एफ" असलेल्या इंटेलमध्ये आणि ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, म्हणजे कार्डाशिवाय पडदा काळा. त्यामुळे "कार्ड दोन महिन्यांनी घेऊ" असा विचार असेल तर ५६००जी घ्यावा लागेल. त्यावर व्हॅलोरंट एकट्याने बरा चालतो. पण त्याची कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ५६०० च्या निम्मी आहे, पुढे कार्ड लावल्यावर तो थोडा मागे पडतो. तुमच्याकडे पैसे एकदम आहेत, तेव्हा या फाट्याला जाऊ नका.

आता एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. याच्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण इथे मी एका घराचं नुकसान केलंय.

धंद्याच्या तिसऱ्या वर्षीची गोष्ट. इंदिरानगरचा एक मुलगा, वडील अंबडला कंपनीत. बजेट तुमच्यासारखंच मोजकं. कार्ड चांगलं बसवता यावं म्हणून मी कॅबिनेटसोबत येणारा लोकल एसएमपीएस तसाच ठेवला. लेबलवर ५०० वॅट होतं, मी विश्वास ठेवला. चार महिने चालला. मे महिन्यात एका रात्री गेम सुरू असताना फट् असा आवाज आला आणि खोलीत जळकट वास पसरला. सकाळी वडील मशीन स्कूटरवर पुढे ठेवून घेऊन आले. एसएमपीएस गेलाच होता, जाताना बोर्ड आणि कार्ड घेऊन गेला. वॉरंटीवाल्यांनी जळक्या खुणा बघून हात वर केले. मी कार्ड आणि बोर्ड माझ्या खिशातून भरून दिलं, पण त्या माणसाचा चेहरा मी विसरलेलो नाही. तो काही बोलला नाही, फक्त मुलाकडे बघत होता.

तो जळका डबा मी त्या दिवशी उघडला. आत ट्रान्सफॉर्मर माझ्या अंगठ्याएवढा, कॅपॅसिटर किरकोळ, आणि जिथे फिल्टरचे भाग असायला हवेत तिथे बोर्डावर नुसती भोकं आणि तारेचे जंपर. तेव्हापासून मी डबा उचलला की आधी हातात तोलतो, मग लेबल वाचतो. तुम्हीही वाचू शकता, अवघड नाही. लेबलवर +१२ व्होल्टचा एक रकाना असतो, त्याखाली अँपिअर लिहिलेले असतात. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट. प्रोसेसर आणि कार्ड जवळपास सगळी वीज याच बारा व्होल्टमधून घेतात. त्या लोकल डब्यावर १६ अँपिअर होते: बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. नाव ५०० चं. आज आपण ठरवलेलं आरएक्स ६६०० एकटं १३२ वॅट घेतं आणि ५६०० प्रोसेसर जोर लावला की ७६. झाले २०८, अजून पंखे आणि डिस्क बाकीच. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर त्याच रकान्यात चाळीसच्या वर अँपिअर असतात, म्हणजे जवळजवळ सगळी ताकद जिथे लागते तिथेच.

म्हणून चार ते साडेचार हजार यासाठी बाजूला काढा आणि ते दुसऱ्या कशातही वळवू देऊ नका. नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ, पाच वर्षांची वॉरंटी असलेला बघा. ब्रॉन्झचा शिक्का वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो, सुरक्षेची हमी देत नाही. पण लांब वॉरंटी देणारी कंपनी आत जंपर लावत नाही, एवढा माझा अनुभव आहे. कॅबिनेटसोबत "फ्री" मिळणारा एसएमपीएस नको, असं स्पष्ट सांगा.

वीज घरातूनच कशी येते तेही एकदा बघून घ्या. पाथर्डी फाटा, सिडकोच्या जुन्या इमारती, नाशिकरोडकडचे काही भाग, मी कितीतरी घरांत अर्थिंगची तार नुसती बोर्डापर्यंत येऊन लोंबकळताना पाहिलीय. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, त्याचं कारण बहुतेकदा हेच. वायरमनला बोलावून मीटर लावायला सांगा: फेज आणि अर्थिंगमध्ये साधारण २३० व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये एक-दोनच्या आसपास. दोनशे-तीनशे रुपयांचं काम आहे. यूपीएस हवाच असेल तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, गेम बंद करून मशीन नीट शट डाउन करायला तेवढा पुरतो. वळवाच्या पावसात लाइट चार वेळा जाते तेव्हा त्याची किंमत कळते. तो आज बसत नसेल तर दिवाळीला घ्या, पण अर्थिंग मशीन येण्याआधीच.

बोर्डात फार पैसे घालू नका. रायझन घेतला तर बी५५०, नाही जमलं तर ए५२०. ए५२० वर पीसीआयई ४ नाही, पण आपल्या कार्डाला त्याने जाणवेल असा फरक पडत नाही. बी४५० चा जुना स्टॉक कोणी दिला तर रायझनच्या ५००० मालिकेसाठी (आपला ५६०० त्यातलाच) बायोस, म्हणजे बोर्डातला मूळ प्रोग्राम, अपडेट केलाय का, हे बिल करण्याआधी विचारा, नाहीतर घरी चालूच होणार नाही. इंटेल घेतला तर एच६१० पुरे. एवढंच.

रॅमची या वेळी खरी अडचण आहे. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरीचा माल उचलायला सुरुवात केली आणि २०२५ च्या शेवटी भाव असे चढले की मी जुनी कोटेशनं फाडून टाकली. सकाळी दिलेला भाव संध्याकाळी डिलर बदलतो, असे दिवस मी पाहिले. याच कारणाने मी तुम्हाला डीडीआर५ रॅम लागणाऱ्या रायझनच्या नव्या एएम५ प्लॅटफॉर्मकडे पाठवत नाहीये, एरवी पुढच्या अपग्रेडसाठी तो चांगला. डीडीआर४, ३२०० वेगाची, ८ अधिक ८ जीबी, दोन काड्या. १६ ची एक काडी घेऊ नका. दोन काड्यांनी रॅमचे दोन्ही रस्ते उघडतात आणि गेममध्ये झटके कमी येतात. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात लावायच्या, आणि बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग, चालू करायचं. ते चालू न केल्यामुळे ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर रखडत पळताना मी अगदी महागड्या मशिनींतही पाहिलंय.

रॅममुळे बजेट पाच-सात हजारांनी ताणलं जाईल. मग कापायचं कुठे? आधी बोर्ड खाली आणा. मग प्रोसेसर १२१००एफ. मग मॉनिटर १४४ वरून १०० हर्ट्झवर. एसएसडी, म्हणजे साठवणीची डिस्क, १ टीबीऐवजी ५०० जीबी घ्या, एनव्हीएमई (वेगवान प्रकारची), पीसीआयई ३ चालेल. मोठा गेम एकटाच शंभर जीबी खातो, त्यामुळे मुलाला दोन-तीन गेमवर भागवावं लागेल, पण दुसरी एसएसडी पुढे कधीही लावता येते. कीबोर्ड-माऊस साधे घ्या. कार्ड आणि एसएमपीएसला हात लावू नका.

आणखी एक वाट आहे, जुन्या मालाची. लोक याला सरसकट नको म्हणतात, मी म्हणत नाही. रॅम आणि प्रोसेसर हे सहसा बिघडत नाहीत. चालू स्थितीत दिसली, रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून एकही एरर आली नाही, तर जुनी डीडीआर४ रॅम घ्यायला हरकत नाही, आज तर त्यात बरेच पैसे वाचतात. एसएमपीएस आणि एसएसडी मात्र जुने कधीच नाही. ग्राफिक्स कार्ड जुनं घ्यायचं तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन, त्याच्या मशिनीत फरमार्क हा कार्डावर पूर्ण भार टाकणारा प्रोग्राम पंधरा मिनिटं चालवून, पडद्यावर ठिपके किंवा रेघा येतात का आणि पंखा खरखरतो का ते बघून. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डं सतत चालवून ते कमावणं, बंद झालं आणि तिथली कार्डं बाजारात ओतली गेली. त्यातली कितीतरी अजून फिरतायत. स्क्रूवरचं स्टिकर फाटलेलं असेल तर कार्ड उघडलेलं आहे. बिल आणि शिल्लक वॉरंटी नसेल तर निम्म्या किमतीच्या वर जाऊ नका.

कॅबिनेट मुलाच्या आवडीने घ्या, एकच अट ठेवा: पुढची बाजू जाळीची हवी. पुढे काच लावलेली कॅबिनेट दिव्यांनी सुंदर दिसतात, पण हवा घेणार कुठून? तुम्ही वरच्या मजल्यावर राहता असं लिहिलंय. एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळीस असतं तेव्हा स्लॅबखालच्या खोलीत संध्याकाळीसुद्धा पंखा गरमच हवा फेकतो. दोन पंखे पुढून आत, एक मागून बाहेर. सिंहस्थाच्या कामांसाठी सध्या शहरभर रस्ते खोदलेले आहेत, खिडकी रस्त्याच्या बाजूला असेल तर महिन्यातून एकदा पुढची जाळी काढून ब्रशने साफ करायला मुलालाच शिकवा.

खरेदी कुठून, असंही विचारलंय. पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जावं का? मी तरुणपणी दर पंधरवड्याला जायचो. आता भावातला फरक एक-दीड हजाराच्या आत असेल तर नाशिकमध्येच घ्या. वस्तू बिघडली की बोर्ड पिशवीत घालून मुंबईला जाणं, तो सर्व्हिस सेंटरला टाकणं आणि परत आणायला जाणं, यात तो फरक कधीच निघून जातो. इथल्या तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या, प्रत्येक भागाचं कंपनी आणि मॉडेलसकट पूर्ण नाव असलेलं. बिल जीएसटीचं पक्कं घ्या, त्यावर कार्ड, बोर्ड, एसएमपीएस आणि एसएसडीचे सीरियल नंबर लिहून घ्या. "बिलाशिवाय १८ टक्के वाचतील" असं कोणी म्हणालं तर दुकान बदला, कारण वॉरंटीच्या दिवशी तुमच्या हातात काहीच नसेल. प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच, भारतातल्या वॉरंटीचा. सगळे खोके वर्षभर माळ्यावर ठेवा.

जोडताना मुलाला समोर बसू द्या. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. प्रोसेसरवर बसणाऱ्या कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक काढलंय ना, एवढं त्याला बघायला सांगा. ते तसंच राहिलेली मशीन माझ्याकडे "फार गरम होतंय" म्हणून आलेली आहे. आणि रायझनचा कूलर पुढे कधी काढायचा झाला तर सरळ वर ओढायचा नाही. मशीन दहा मिनिटं चालवून गरम करायची, बंद करून प्लग काढायचा, कूलर डावीकडे-उजवीकडे हलके फिरवायचा आणि मग उचलायचा. कूलर आणि प्रोसेसरच्या मधली पेस्ट थंड असली की ती प्रोसेसरला सॉकेटमधून उपटून आणते आणि पिना वाकतात. त्या पिना मी चष्मा लावून, शिवणकामाच्या सुईने, एक-एक सरळ करत बसलेलो आहे. दर वेळी जमतंच असं नाही.

घरी आणल्यावर मॉनिटरची केबल मागे खालच्या बाजूला, ग्राफिक्स कार्डातच लावायची. वर बोर्डावरही तसंच भोक असतं, आणि बरेच जण सवयीने तिथे लावून "पडदा येत नाही" म्हणून फोन करतात. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बघा. तो ६० वरच अडकलेला असतो, हाताने १४४ करावा लागतो.

नवं कोटेशन मिळालं की पैसे देण्याआधी त्याचा फोटो पाठवा, आणि जमलं तर दुकानात उभ्या उभ्या एसएमपीएसच्या लेबलचाही, त्या बारा व्होल्टच्या रकान्याचा. मी संध्याकाळी सातनंतर बघून सांगतो.